वधस्तंभावरचा माणूस आणि छळाला नकार

ख्रिस्ती माणूस ज्या खुणेपुढे गुडघे टेकतो, ती मुळात माणसाला हालहाल करून मारण्याचं साधन होती. चर्चच्या शिखरावर, गळ्यातल्या साखळीत, थडग्यावर ती इतकी नेहमीची झाली आहे की हे आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. रोमन साम्राज्यात वधस्तंभाची शिक्षा प्रामुख्याने गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. आधी फटके, मग आडवा वासा खांद्यावर देऊन धिंड, मग कपडे उतरवून रहदारीच्या जागी टांगणं. जीव जायला कधी कधी काही दिवस लागत. नुसतं मारायचंच असतं तर सैनिकाच्या कमरेला तलवार होतीच. पण मरायला वेळ लागावा, येणाऱ्याजाणाऱ्याने ते बघावं आणि पुन्हा डोकं वर काढू नये, यासाठी ही सगळी खटपट होती.

येशूच्या अटकेनंतरचे तास शुभवर्तमानांतून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांतून, नीट वाचले, तर एका छळकोठडीची नोंद वाचल्यासारखं वाटतं. अटक रात्रीची. पहारेकरी त्याचे डोळे बांधतात, तोंडावर मारतात आणि विचारतात, ओळख बघू, कोणी मारलं? सैनिक त्याचे कपडे काढतात, अंगावर राजाचा झगा चढवतात, काट्यांचा मुगूट डोक्यावर दाबतात, पुढे गुडघे टेकून खिदळतात. डोळ्यांवर पट्टी, नागवं करणं, थट्टा, मारताना हसणं हे सगळं विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या कैद्यांच्या जबान्यांमध्येही सापडतं. ज्यांनी हे सोसलं आहे त्यांना या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आता ख्रिस्ती श्रद्धेचा दावा असा आहे की असा छळला गेलेला हा माणूसच देवाचं खरं रूप आहे. देव त्या दालनात होता, आणि तो मार खाणाऱ्याच्या जागी होता. एवढं मान्य केलं की छळाला विरोध ही ख्रिस्ती माणसाच्या अनेक मतांपैकी एक मत राहत नाही. ती विश्वासाच्या गाभ्यातली गोष्ट होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात येशू म्हणतो की भुकेल्याला, परक्याला, तुरुंगातल्याला तुम्ही जे केलं ते मला केलं. म्हणजे कोठडीत बांधून ठेवलेला माणूस कोण आहे, अपराधी की निरपराध, हे ठरण्याआधीच त्याच्या अंगाला हात लावणाऱ्याने कोणाच्या अंगाला हात लावला हे ठरून गेलेलं असतं. त्याच्याही मागे बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं वचन आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवला गेला. चांगला माणूस, आपला माणूस, अशी अट तिथे नाही.

इथे एक फरक करून घेऊ, कारण तो न केल्याने पुष्कळ गोंधळ होतो. हिंसा आणि छळ हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेले असले तरी एक नाहीत. युद्ध, स्वसंरक्षण, पोलिसाची बंदूक यांवर ख्रिस्ती लोकांचं आजही एकमत नाही. मेनोनाइट आणि क्वेकर मंडळ्या शस्त्राला पूर्ण नकार देतात. कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरा म्हणतात की दुसऱ्याचा जीव वाचवायला, शेवटचा उपाय म्हणून, मर्यादेत बळ वापरता येतं. या दुसऱ्या विचाराचा पाया असा आहे की समोरचा हल्ला करतो आहे आणि त्याला थोपवायचं आहे. छळात हा पाया उरतच नाही. ज्याला छळायचं तो आधीच पकडला गेलेला असतो, बांधलेला असतो, त्याच्याकडून कोणाला इजा होण्याची शक्यता नसते. म्हणून युद्धाला कधीकधी मान्यता देणाऱ्या ख्रिस्ती विचारातही छळाला जागा सापडत नाही. ती कोणी काढलीच, तर त्याला आपल्याच तत्त्वाशी फारकत घ्यावी लागते. आणि ती घेतली गेली, एकदा नव्हे, शेकडो वर्षं.

सुरुवात मात्र वेगळी होती. गेथशेमाने बागेत पेत्राने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या नोकराचा कान कापला. योहानाच्या शुभवर्तमानात त्या नोकराचं नावही आहे, मल्ख. लूक सांगतो की येशूने त्याच्या कानाला हात लावून तो बरा केला. म्हणजे अटकेआधीचा येशूचा शेवटचा चमत्कार त्याला धरायला आलेल्या माणसासाठी होता. सन 200च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहिलं की प्रभूने पेत्राच्या हातची तलवार काढून घेतली तेव्हाच प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा सोडवला. सन 295 मध्ये त्याच भागातल्या मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने रोमन सैन्यात भरती व्हायला नकार दिला, आणि त्याला मृत्युदंड झाला. सैन्यात ख्रिस्ती लोक मुळीच नव्हते असं नाही, होते. पण पहिल्या तीन शतकांतले लेखक रक्त सांडण्याच्या बाजूने बोलताना जवळजवळ सापडत नाहीत. त्या काळी ख्रिस्ती माणूस न्यायालयात दिसे तो आरोपीच्या जागी, छळ सोसणारा म्हणून.

चौथ्या शतकात जागा बदलली. 313 साली ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, 380 साली ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत ख्रिस्ती माणूस येऊन बसला. रोमन कायद्यात आरोपीला, साक्षीदारालासुद्धा, पिळून काढण्याची रीत होती. संत ऑगस्टीनने या न्यायाधीशाबद्दल जे लिहिलं ते आजही अंगावर येतं. आरोपी दोषी आहे की नाही हे कळत नाही म्हणून त्याला छळतात. म्हणजे गुन्हा अनिश्चित, शिक्षा मात्र निश्चित. तो निर्दोष असला तरी हाल सहन न होऊन कबूल करतो, मारला जातो, आणि आपण दोषी माणसाला मारलं की निर्दोष, हे न्यायाधीशाला त्यानंतरही कळत नाही. इतकं स्वच्छ दिसूनही ऑगस्टीन म्हणतो की शहाणा न्यायाधीश खुर्ची सोडणार नाही, कर्तव्य त्याला तिथे बसवतं. फक्त या सक्तीतून मला सोडव, अशी तो देवाकडे याचना करील. माझ्या मते पुढच्या सगळ्या घसरणीचं मूळ या वाक्यात आहे. डोळ्यांत पाणी आणून का होईना, 'नाइलाज' हा शब्द त्याने मान्य केला.

नाइलाज न मानणाराही एक पोप होऊन गेला. 866 साली बल्गेरियाचा राजा बोरिस नुकताच ख्रिस्ती झाला होता आणि त्याने रोमला प्रश्नांची लांबलचक यादी पाठवली होती. पोप निकोलस पहिले यांनी उत्तरात लिहिलं: चोर पकडला आणि तो नाकबूल करू लागला, की तुमच्याकडे न्यायाधीश त्याच्या डोक्यावर फटके मारतो, कुशीत लोखंडी टोकं खुपसतो, हे ना देवाच्या कायद्यात बसतं ना माणसाच्या. कबुली आपखुशीने आली पाहिजे, ओढून काढता कामा नये. एवढे हाल करून काहीच हाती लागलं नाही तर तुम्हाला लाज वाटणार नाही का? आणि सहन न होऊन त्याने न केलेला गुन्हा कबूल केला, तर त्या पापाचा धनी कोण? नवव्या शतकातलं हे पत्र आहे. छळाविरुद्धचे बहुतेक मुद्दे त्यात आलेले आहेत.

मग तेराव्या शतकात काय झालं? याचं उत्तर थोडं कायद्यात शिरून बघावं लागतं. तोवर युरोपात अग्निदिव्य आणि जलदिव्य चालत: आरोपीने तापलेलं लोखंड हातात धरायचं, देव निवाडा करील. 1215च्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यांत भाग घ्यायला बंदी केली. निर्णय चांगलाच होता. पण देवाचा निवाडा गेला आणि माणसाला पुराव्यावर निवाडा करणं भाग पडलं, तेव्हा कायदेपंडितांनी पुराव्याची पातळी फार उंच ठेवली: गंभीर गुन्ह्यात दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, नाहीतर आरोपीची कबुली. दोन साक्षीदार क्वचितच मिळत. उरली कबुली. निर्दोषाला वाचवण्यासाठी घातलेल्या अटीनेच छळाला दार उघडून दिलं, हे या इतिहासातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं वळण वाटतं.

15 मे 1252 रोजी पोप इनोसंट चौथे यांनी फर्मान काढलं की पाखंडी ठरलेल्यांकडून कबुली आणि साथीदारांची नावं वदवून घेण्यासाठी नगरच्या सत्ताधाऱ्यांनी बळ वापरावं. मात्र अवयव तुटता कामा नये आणि जीव धोक्यात येता कामा नये. कारण काय दिलं? चोरांना आणि दरोडेखोरांना असंच बोलतं करतात, आणि पाखंडी तर आत्म्यांचे चोर, आत्म्यांचे मारेकरी. धोका जितका मोठा रंगवावा तितकी सूट मोठी होत जाते. ही युक्ती आपण पुढेही पाहणार आहोत. स्पेनमधलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणारं धर्मन्यायालय, 1478 साली सुरू झालं, गोव्यातलं 1560 साली, आणि गोव्यातलं मधला थोडा काळ सोडता 1812 पर्यंत चाललं. त्याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कथांत अतिशयोक्ती किती यावर इतिहासकार वाद घालतात, घालावा. पण येशूचं नाव घेऊन माणसांना दोरांनी ओढलं गेलं, यात वादाला जागा नाही. आम्ही ख्रिस्ती लोकांनी हे दुसऱ्याने काढण्याआधी स्वतः सांगायला हवं. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या 1992च्या अधिकृत ग्रंथात ते सांगितलंही आहे: चर्चच्या धुरिणांनीच छळाविषयीचे रोमन कायदे आपल्या न्यायालयांत स्वीकारले होते, आणि त्या प्रथा माणसाच्या न्याय्य हक्कांशी सुसंगत नव्हत्या.

प्रॉटेस्टंट बाजूही स्वच्छ नव्हती. 27 ऑक्टोबर 1553 रोजी धर्मसुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात मायकेल सर्व्हिटसला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) नाकारल्याबद्दल जिवंत जाळलं. त्यावर सेबास्टियन कास्टेलिओने लिहिलं की माणसाला मारणं म्हणजे सिद्धांताचं रक्षण करणं नव्हे, ते माणसाला मारणंच आहे. झ्युरिकने आपल्यातल्याच, बाप्तिस्मा मोठ्या वयात समजून घ्यावा म्हणणाऱ्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांना नदीत बुडवलं. या अ‍ॅनाबॅप्टिस्टांनी 1527च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात लिहून ठेवलं होतं की तलवार ख्रिस्ताच्या मंडळीत चालणार नाही.

त्यांच्यापैकी डर्क विलेम्सची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नेदरलँड्समधल्या आस्पेरन गावी तो कैदेत होता. कपड्यांच्या चिंध्यांना गाठी मारून त्याने दोर केला, खिडकीतून उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळाला. तुरुंगातल्या अपुऱ्या अन्नाने तो हलका झाला होता, बर्फाने त्याला तोललं. मागून येणारा शिपाई मात्र बर्फ फुटून पाण्यात गेला. डर्क मागे फिरला आणि त्याने त्याला बाहेर काढलं. शिपायाला त्याला सोडून द्यायचं होतं. काठावरून गावचा अधिकारी ओरडला, तुझी शपथ आठव. डर्कला धरलं आणि 16 मे 1569 रोजी जाळलं. वैऱ्यांवर प्रीती करा, हे वचन पाळायची वेळ आली तर ते कसं दिसतं, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

छळाची यंत्रणा आतून पाहून ती मोडायला निघालेला माणूस म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघातला जर्मन धर्मगुरू फ्रीड्रिश श्पे. चेटकिणी म्हणून शिक्षा झालेल्यांचे पापनिवेदन ऐकायचं काम त्याच्याकडे होतं. 1631 साली त्याने निनावी ग्रंथ छापला. त्यात त्याने चौकशीचा डाव उलगडून दाखवला: बाईचं वागणं वाईट असेल तर तो पुरावा, चांगलं असेल तर चेटकिणी असंच सोंग घेतात. घाबरली तर मन खातं आहे, घाबरली नाही तर सैतानाचा आधार आहे. कबूल केलं तर दोषी, हाल सोसून गप्प राहिली तर सैतानाने तोंड बांधलं. मग तिच्याकडून इतरांची नावं, त्यांच्याकडून आणखी नावं. श्पे म्हणतो, हीच साधनं धर्मगुरूंवर आणि न्यायाधीशांवर चालवा, तेही कबूल होतील. छळ चेटकिणी शोधत नव्हता, त्या घडवत होता. पुढे माइन्झचा आर्चबिशप झालेल्या योहान फिलिप फॉन शोनबॉर्नवर श्पेचा प्रभाव पडला आणि त्याने आपल्या प्रदेशातले हे खटले बंद केले. श्पे स्वतः 1635 साली ट्रिअर शहरात साथीच्या आजारात सैनिकांची सेवा करताना गेला.

या सगळ्यावर बायबलमधूनच काढले जाणारे आक्षेप आहेत. येशूने मंदिरात दोऱ्यांचा कोरडा केला होता ना? केला होता, पण योहानाच्या वर्णनात तो गुरंमेंढरं हाकलायला आहे आणि कोणा माणसाला जखम झाल्याचा उल्लेख नाही. मी शांतता आणायला नाही, तलवार आणायला आलो, हे मत्तयातलं वाक्य घराघरांत फूट पडेल या इशाऱ्याच्या ओघात येतं. रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय राज्यसत्तेच्या हाती तलवार आहे असं म्हणतो खरा, पण त्याच्या लगेच आधी, 12व्या अध्यायात, पौल लिहितो की सूड घेणं देवाचं काम आहे. तुझा वैरी भुकेला असेल तर त्याला खायला दे. जुन्या करारातल्या युद्धांचा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि तो एका परिच्छेदात सुटणारा नाही. येशूच्या शिकवणीच्या उजेडात ती पानं वाचावीत, एवढीच वाट मला दिसते. पण तिथली युद्धं दाखवूनही आज कोणाला छळायची मुभा मिळत नाही.

आजचा मोठा आक्षेप मात्र बायबलमधला नाही. शहरात कुठेतरी बॉम्ब आहे, पकडलेल्याला ठिकाण माहीत आहे, हजारो जीव जाणार आहेत, मग? इनोसंटच्या फर्मानातली युक्ती इथे परत येते, फक्त आत्म्यांच्या जागी शरीरं आहेत. प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. 2001च्या अखेरीस पकडलेल्या इब्न अल-शेख अल-लिबी या संशयित दहशतवाद्याला अमेरिकेने इजिप्तच्या ताब्यात दिलं. छळाखाली त्याने सांगितलं की इराकने अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी 2003 मध्ये ही माहिती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे मांडली गेली आणि पुढच्याच महिन्यात इराकवर युद्ध सुरू झालं. नंतर त्याने ते विधान मागे घेतलं. मारणाऱ्यांना जे ऐकायचं होतं ते त्याने सांगितलं होतं. जीव वाचवण्याच्या नावाने केलेल्या छळातून निघालेलं खोटं एका युद्धाच्या समर्थनाला वापरलं गेलं.

तरीही ख्रिस्ती नकार एवढ्यावरच उभा करू नये. छळातून एखाद्या वेळी खरी माहिती निघालीही असेल. निघाली तरी तो पापच राहतो, कारण छळ माणसाच्या देहालाच त्याच्या मनावर उठवतो, प्रिय माणसांची नावं त्याच्याच तोंडून काढून त्याला त्यांचा घातकी बनवतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1993 साली छळाची गणना अशा कृत्यांत केली जी कोणत्याही हेतूने, कोणत्याही परिस्थितीत चांगली ठरू शकत नाहीत. 10 डिसेंबर 1984 रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेला छळविरोधी करारही हेच म्हणतो: युद्ध असो वा आणीबाणी, कोणतंही कारण चालणार नाही. आणि मंडळीत बसणारे काय म्हणतात? 2009 साली प्यू संशोधन केंद्राने अमेरिकेत पाहणी केली. संशयित दहशतवाद्यांचा छळ अनेकदा किंवा कधीकधी योग्य ठरतो असं म्हणणारे, आठवड्याला प्रार्थनेला जाणाऱ्यांत 54 टक्के होते आणि क्वचित किंवा कधीच न जाणाऱ्यांत 42 टक्के. वधस्तंभासमोर दर रविवारी बसूनही तो दिसत नाही, याचं दुःख वाटतं.

काही ठिकाणी तो दिसला. चिलीमध्ये 1973 साली लष्करप्रमुख पिनोचेटने सत्ता बळकावली, आणि ख्रिस्ती संस्कृती वाचवण्याची भाषा करत माणसं गायब होऊ लागली. 1976 साली कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी आर्चबिशपच्या छत्राखाली कचेरी उघडली, जिथे वकील आणि समाजसेवक कैद्यांच्या नातेवाइकांच्या तक्रारी नोंदवून न्यायालयात नेत. 1980 साली सात बिशपांनी जाहीर केलं की छळ करणारे, करवणारे आणि थांबवू शकत असून न थांबवणारे बहिष्कृत आहेत, त्यांना प्रभुभोजन मिळणार नाही. 14 सप्टेंबर 1983 रोजी सान्तियागोत गुप्त पोलिसांच्या एका केंद्रासमोर काही धर्मगुरू, धर्मभगिनी आणि सामान्य माणसं अचानक रस्त्यात उभी राहिली. त्यांनी फलक धरला, 'इथे छळ होतो', गाणं म्हटलं आणि रहदारी अडवली. छळाला गुप्तता लागते. ती त्यांनी भर दिवसा मोडली. हे ते पुढे कित्येक वर्षं करत राहिले, मार खात, अटक होत, हात न उचलता. पुढे त्यांच्या चळवळीने सेबास्टियन आसेवेदो यांचं नाव घेतलं: माझी मुलं कुठे ठेवली आहेत ते सांगा, असा टाहो फोडत ज्याने कन्सेप्सिऑनच्या कॅथेड्रलसमोर प्राण दिला तो बाप.

फ्रान्समध्ये 1974 साली दोन प्रॉटेस्टंट स्त्रियांच्या पुढाकाराने 'अकात' ही सर्वपंथीय ख्रिस्ती संघटना निघाली. तिचं काम वरकरणी साधं आहे: कैद्यांच्या वतीने सरकारांना पत्रं लिहायची आणि प्रार्थना करायची. 26 जून या छळग्रस्तांच्या दिवसाच्या सुमाराला तिचे सदस्य रात्रभर जागरण करतात.

क्षमेचा प्रश्न उरतो, आणि तिथे ख्रिस्ती लोक फार घाई करतात. येशूने वधस्तंभावरून क्षमा मागितली ती मारणाऱ्यांसाठी. ती त्याने स्वतः, मार खाणाऱ्याच्या जागेवरून मागितली. ज्याने काही सोसलं नाही त्या पाळकाने छळग्रस्ताला 'सोडून दे' म्हणणं हा त्या माणसावर नवा जोर आहे. क्षमा म्हणजे खटला रद्द, असंही नाही. वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि समेट आयोगाने पूर्ण सत्य सांगणाऱ्याला माफीचा अर्ज करू दिला. 1977 साली पोलिसांच्या ताब्यात मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको या वर्णभेदविरोधी नेत्याच्या कुटुंबाला हे मान्य नव्हतं. त्यांना न्यायालयात न्याय हवा होता आणि त्यासाठी त्यांनी घटना न्यायालयात दाद मागितली. त्यांची मागणी क्षमेच्या विरोधात होती असं मला वाटत नाही. सत्य आधी, मग बाकी सगळं, इतकंच तिच्यात होतं. घटना न्यायालयात ते हरले. पण 1999 साली आयोगाच्या माफी समितीने बिकोंच्या चौकशीतल्या पोलिसांचे अर्ज फेटाळले, आणि त्याचं एक कारण हेच होतं की ते पूर्ण खरं बोलले नव्हते.